शिरूरच्या अलीकडंच तुटणारा कॉल

राजकन्या मूळची चाकूरची. घरातली पहिली इंजिनिअर. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकली, पुण्यात नऊ वर्षं नोकरी केली, मधे लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं, आणि एके दिवशी सामान बांधून ती परत विष्णुपुरीलाच येऊन राहिली. लोक विचारायचे, "पुणं सोडून इथं कशाला आलीस?" ती म्हणायची, "काम लॅपटॉपवर हाय. कुठं बसलं तरी सारखंच." खरं कारण तिलाही नीट सांगता आलं नसतं. चाकूरला भावाचा संसार होता. तिथं ती पंचमीला आणि दिवाळीला जायची, दोन दिवस राहायची, आणि तिसऱ्या दिवशी वहिनी "अजून राहा की" म्हणायची त्या आवाजावरून पिशवी भरायला घ्यायची. पुण्यात ओळखीचे सगळे दोघांच्या ओळखीचे होते. विष्णुपुरीत निदान रस्ते ओळखीचे आणि माणसं नवी होती.

माडीवरच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या होत्या. खाली घरमालक राहायचे, पण तेही मुलाकडं गेले ते वर्षभर आलेच नव्हते. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायचं. सकाळी दूधवाल्याला "एक लिटर", मधे कधी भाजीवाल्याला "ताजी हाय का?", आणि अकराच्या मीटिंगला "माझा आवाज येतोय का?" एवढंच बोलणं दिवसभरात व्हायचं. कधीकधी मीटिंगमधलं ते वाक्य बोलताना घसा बसल्यासारखा वाटायचा. तेव्हा तिच्या लक्षात यायचं, की काल दुपारपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

कंपनी पुण्याची, सात माणसांची. त्यांचा एक मीडिया सर्व्हर होता आणि तो सांभाळायचं काम राजकन्याकडं. लातूरचे क्लासवाले त्यावरून पोरांना लाइव्ह शिकवायचे, दोनचार दवाखाने पेशंट बघायचे. असल्या व्हिडिओ कॉलमध्ये चित्र आणि आवाज एका वाटेनं जातात. पण कोण आलं, कोण गेलं, आत्ता कोण बोलतंय, हे निरोप पोचवायला प्रत्येक फोनपासून सर्व्हरपर्यंत आणखी एक कनेक्शन कायम उघडं ठेवावं लागतं. त्याला म्हणतात वेबसॉकेट. चित्र चांगलं चालू असलं आणि हे तुटलं, तर सर्व्हर समजतो की माणूस गेला, आणि त्याला खोलीबाहेर काढतो. हजारो पोरं एकदम आत आली तरी ही कनेक्शनं टिकली पाहिजेत, यासाठी राजकन्यानं फार कष्ट घेतले होते. क्लासवाल्यांची तक्रार वर्षभरात आली नव्हती. त्याचा तिला मनातून अभिमान होता, तो सांगायला मात्र कुणी नव्हतं.

तक्रार यायची ती एकाच ठिकाणाहून. लातूरला एक ट्रस्ट होता. लकवा होऊन ज्यांची वाचा गेली, अशा लोकांना पुन्हा बोलायला शिकवायचं काम तिथं दीपाली नावाची थेरपिस्ट करायची. दूरच्या पेशंटना ती व्हिडिओवर शिकवायची. फेब्रुवारीत तिचा पहिला मेल आला: कॉल मधेच तुटतो. राजकन्यानं लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. तिथं १००६ हा आकडा दिसला. कनेक्शन निरोप न घेता तुटलं, की तो येतो. मोबाइलची रेंज गेली तरी तोच येतो. तिनं उत्तर लिहिलं, "पेशंटकडचं नेटवर्क तपासावं." मार्चमध्ये पुन्हा मेल: माझ्याकडूनही त्याच वेळी तुटतं. राजकन्यानं लिहिलं, "तुमच्याकडचं वायफायही तपासावं." एप्रिलमध्ये तिसरा मेल आला, त्यालाही तिनं पहिलंच उत्तर चिकटवलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दीपालीचा फोनच आला.

"राजकन्या मॅडम बोलताय का? मी लातूरहून दीपाली. तुम्ही आमचा कॉल कधी बघितलाय का हो?"

"बघायचं काय त्यात? लॉग असतो आमच्याकडं. नेटवर्क..."

"नेटवर्क, नेटवर्क! अहो, अहमदपूरचे महेबूब चाचा आहेत माझे पेशंट. उजवी बाजू गेलेली. तुमचं ते 'नेटवर्क तपासा' मी त्यांच्या बायकोला सांगितलं. त्या बाईनं तीन कंपन्यांची सिमं बदलली. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या चाचांना धरून धरून गच्चीवर नेतात, रेंज मिळावी म्हणून. या उन्हात! मागच्या महिन्यात जिन्यात चाचांचा पाय घसरला, गुडघा सोलून निघाला. मंगळवारी अकराला या तुम्ही कॉलवर. मी त्यांना विचारून ठेवते."

राजकन्या "येते," एवढंच म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की या सर्व्हरवरून रोज हजारो माणसं एकमेकांना भेटतात, आणि आपण स्वतः त्यावर एकदाही कुणाला भेटलेलो नाही.

मंगळवारी ती कॅमेरा आणि माइक बंद ठेवून कॉलमध्ये शिरली. एका चौकटीत दीपाली होती, तिशीची, कपाळावर आठी. दुसऱ्या चौकटीत पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसलेला एक म्हातारा. उजवा हात मांडीवर टाकल्यासारखा पडलेला, पांढरी दाढी नीट विंचरलेली. त्याच्या मागं उभी राहून एक बाई जुनी छत्री धरून होती. ती सुलतानबी, त्याची बायको. छत्री पूर्ण त्याच्यावर, आणि तिच्या तोंडावर ऊन.

महेबूब चाचा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. लातूर-नांदेड गाडी. लकव्यानंतर स्वतःच्या लेकीचं नावही त्यांच्या तोंडून येत नव्हतं. पण जी गोष्ट माणसानं हजारदा ओळीनं म्हटलेली असते, ती कधीकधी आत शाबूत राहते, असं दीपालीचं शास्त्र सांगत होतं. म्हणून ती त्यांना गाडीचे थांबे म्हणायला लावायची.

"चाचा, गाडी लातूरहून निघाली. लातूर... मग आष्टामोड... मग चाकूर. पुढं?"

चाचांनी मान हलवली. त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. ओठ हलले, जीभ टाळूला लागली, परत खाली आली. दीपाली काही बोलली नाही. शब्द तोंडात द्यायचा नाही, थांबायचं, हाच तर उपचार होता. सुलतानबीही गप्प. रस्त्यावरची वर्दळ उन्हानं थांबलेली. राजकन्या स्क्रीनवर पुढं वाकली. म्हाताऱ्याच्या गळ्याची शीर फुगली होती. ओठ बारीक झाले, दातांतून 'श'सारखा काहीतरी वारा सुटला...

आणि स्क्रीन पांढरी झाली. 'संपर्क तुटला. कृपया तुमचे नेटवर्क तपासा.'

राजकन्या क्षणभर चिडली. मग दचकली. हे तिच्या स्वतःच्या स्क्रीनवर आलं होतं. तिच्याकडं फायबरची लाइन होती, शेजारच्या खिडकीत मेल सुरळीत येत होते. तिचं नेट कुठंच गेलेलं नव्हतं.

तिनं लॉग उघडला. लातूर, अहमदपूर, विष्णुपुरी. एकाच सेकंदाला तीन १००६. तिनं मागचा शेवटचा निरोप शोधला: 'दीपाली बोलत आहे', तो "पुढं?" या शब्दाचा. तिथून तुटेपर्यंत बरोबर साठ सेकंद. मग तिनं फेब्रुवारीपासूनचे लॉग काढले. जिथं जिथं कॉल तुटला होता, तिथं तिथं आधी साठ सेकंद कुणीच बोललेलं नव्हतं. रेंज जाते ती वाटेल तेव्हा जाते. ती घड्याळ लावून जात नाही.

कारण शोधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण ते तिनंच करून ठेवलेलं होतं. जानेवारीत तिनं सर्व्हरच्या पुढं एक प्रॉक्सी बसवला होता. येणारं प्रत्येक कनेक्शन आता त्याच्यातून जायचं. एका मिनिटात कनेक्शनवरून काहीच गेलं नाही, तर ते मेलं समजून बंद करायचं, असा त्याचा मूळचा नियम. सर्व्हरनं अधूनमधून 'आहेस का?' असा पिंग पाठवला आणि फोननं 'आहे' म्हटलं, तर तो नियम आडवा येत नाही. पण क्लासच्या गर्दीत सर्व्हरला ओझं नको, म्हणून तो पिंगही तिनंच बंद केला होता. क्लासमध्ये चॅट अखंड चालू, तिथं मिनिटभराची शांतता कधी झालीच नाही. दवाखान्यात डॉक्टर बोलतो, नाहीतर पेशंट खोकतो. सगळ्या सर्व्हरवर मिनिटभर गप्प बसणारी माणसं फक्त दीपालीची होती. आणि गच्चीवर कॉल थोडा जास्त टिकायचा, हे लॉगमध्ये दिसत होतं, पण ते रेंजमुळं नव्हे. खालून एखादी मोटारसायकल हॉर्न वाजवत गेली, की सर्व्हरला वाटायचं कुणीतरी बोललं, आणि आणखी एक मिनिट मिळायचं. बिचाऱ्या सुलतानबीला वाटलं, वर रेंज आहे.

दुपारी क्लास नसताना राजकन्यानं हे नियम लिहिलेली कॉन्फिग फाइल उघडली. प्रॉक्सीची मुदत मिनिटाऐवजी तासाची केली. पिंग दर पंचवीस सेकंदांना चालू केला. आणि कुणाचं कनेक्शन खरंच तुटलं, तरी त्याला लगेच बाहेर न काढता दीड मिनिट जागा राखून ठेवायची, हेही लिहिलं. मग तपासायला बसली. एका कॉलमध्ये लॅपटॉपवरून शिरली, त्याच कॉलमध्ये मोबाइलवरून शिरली, आणि गप्प बसली. पंख्याचा आवाज बोलण्यात धरला जाईल म्हणून पंखा बंद केला. बाहेर त्रेचाळीस डिग्री. सहाव्या मिनिटाला खालून भाजीवाल्याचा भोंगा ओरडत गेला, ते सगळं वाया. पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही चौकटींत तिचाच घामेजलेला चेहरा. तिला मिनिटं मोजायची होती, पण ती त्या चेहऱ्याकडंच बघत राहिली. इतका वेळ आपल्याकडं कुणी बघितल्याला किती वर्षं झाली, असं तिला वाटून गेलं. वीस मिनिटं झाली, कनेक्शन टिकलं. तिनं दोन्ही बंद केली आणि पंखा लावला.

दीपालीला फोन करून तिनं एवढंच सांगितलं, "शुक्रवारी चाचांना खालीच बसवा."

शुक्रवारी ती पुन्हा कॉलवर होती. या वेळी मागं निळी भिंत, कपाटावर ठेवलेली पेटी, शांत घर. "लातूर... आष्टामोड... चाकूर. पुढं, चाचा?" राजकन्याचं लक्ष घड्याळाकडं. चाळीस सेकंद. साठ. सत्तर. कॉल चालू होता. चाचांनी डोळे मिटले, डावी मूठ गुडघ्यावर आपटली. नव्वद. दीपाली जागची हलली नाही. एक मिनिट पन्नास सेकंदांनी चाचांच्या तोंडून आलं, "शि... शिरूर." आणि मग जसं दार एकदा ढकललं की पुढचं सोपं, तसं, "शिरूर ताजबंद. अमदपूर."

"बोले! बोले जी!" सुलतानबी ओरडली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. दीपाली हसत होती आणि नाकही पुसत होती. राजकन्यानं माइकच्या बटणापर्यंत बोट नेलं, आणि मागं घेतलं. कॉल संपला. तिघांची नावं एकामागून एक पुसली गेली. खोलीत परत तीच शांतता.

त्या दुपारी तिनं दीपालीला मेल लिहायला घेतला. आधी कंपनी चालवणाऱ्या पुण्याच्या रविकांत सरांना दाखवला. ते म्हणाले, "एवढं कशाला लिहितेस? 'सिस्टिम अपग्रेड केली' म्हण की. मिटलं ना आता?" राजकन्या म्हणाली, "सर, मिटलं नाही ते." आणि तिनं लिहिलं, की दोष तुमच्या किंवा पेशंटच्या नेटवर्कचा कधीच नव्हता. सेटिंग माझं होतं. तीनदा तुम्ही सांगितलं, तीनदा मी बघितलं नाही.

दीपालीचं उत्तर संध्याकाळी आलं. "स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. लकव्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात मोलाचे असतात. तेव्हा जेवढं परत येतं, तेवढं नंतर येत नाही. त्यातले चार गेले." खाली नाव. बाकी काही नाही.

राजकन्यानं ते कितीदा वाचलं कुणास ठाऊक. असली गोष्ट माणूस घरात कुणाला तरी सांगतो, नाही नाही ते बोलून घेतो, मोकळा होतो. तिनं भावाला फोन लावला. तो म्हणाला, "शेतात हाय, नंतर करतो." नंतर फोन आला नाही. रविवारी सकाळी दीपालीकडून पत्ता मागून घेऊन ती अहमदपूरच्या गाडीत बसली.

घर जुन्या गावातल्या गल्लीत. दोन खोल्या, पुढं पडवी, आणि पडवीतून वर जाणारा कठड्याशिवायचा उभा जिना. राजकन्या आधी त्या जिन्याकडंच बघत उभी राहिली.

"या ना बेटी, आत या. दीपाली मॅडमनं फोन केला होता. तुम्हीच ना ते कॉलवाल्या?" सुलतानबीनं चटई टाकली. चाचा बाजेवर बसले होते. त्यांनी डावा हात कपाळाला लावून सलाम केला.

चहा झाला. राजकन्यानं बोलायचं ते पाठ करून आणलं होतं, ते सगळं उलटसुलट बाहेर पडलं. "चाची, तुमचं नेट खराब नव्हतं. सिमं पण चांगली होती. माझ्याकडं चूक होती. गच्चीवर न्यायची गरजच नव्हती. चार महिने... माझ्यामुळं झालं ते."

सुलतानबीनं हातातला कप खाली ठेवला. "म्हंजे मशीनला वाटलं, हे गप हायत, म्हंजे गेले?"

"हाव, चाची. तसंच."

सुलतानबी रागावली असती तर राजकन्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. कपबशी गोळा करता करता थांबली आणि म्हणाली, "मशीनचं काय घेऊन बसलीस बेटी? मला बी तसंच वाटलं होतं. पानी पायजे का, दवा पायजे का, मीच विचारायची, मीच जवाब द्यायची. ते तोंड उघडायचे, मी म्हणायची, कुछ नै, बात गेली. मिनिटभर बी कुठं थांबली मी? त्या दिवशी ते शिरूर बोलले, तवा मला कळलं, आत हायत हे. इतके दिवस हायत. मीच एकटी हाय म्हणून रडत होते घरात."

तेवढ्यात चाचांची मान राजकन्याकडं वळली. ओठ हलायला लागले. सुलतानबी सवयीनं म्हणाली, "पानी?" आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसली. दोघी थांबल्या. गल्लीतून कुणी सायकलवर गेलं, बकरी ओरडली. राजकन्याला इथं घड्याळ बघायचं सुचलं नाही.

"कु... कुठं?" चाचा म्हणाले.

कुठली तू, असं विचारत होते, की कुठं जायचंय, ते कळायला मार्ग नव्हता. राजकन्या म्हणाली, "नांदेड, चाचा. विष्णुपुरी."

त्यांनी मान हलवली, समाधान झाल्यासारखी.

त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. राजकन्या आणखी दोनदा अहमदपूरला जाऊन आली. एकदा सुलतानबीनं तिला बळंच जेवायला घातलं. दिवाळीपर्यंत चाचा पन्नास-साठ शब्द बोलायला लागले. लेकीचं नाव आलं. सुलतानबीचं आलं नाही. तिला ते 'लोहा' म्हणायचे. लोह्याचा थांबा आणि बायको, दोन्ही एकाच जागी ठेवल्यासारखं. दीपाली सांगायची, कदाचित येईल, कदाचित नाही. सुलतानबी म्हणायची, "लोहा तर लोहा. हाक तर मारतात." राजकन्या हसायची, आणि परतीच्या गाडीत तिला ते चार महिने आठवायचे. ते नाव त्या महिन्यांत आलं असतं का, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं.

जानेवारीत ट्रस्टनं दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात रागलोभ नव्हता. वरच्या कुणीतरी तसं ठरवलं होतं. दीपालीचा निरोपाचा मेल आला, चांगल्या शब्दांत. मंगळवारी अकराला राजकन्याच्या लॉगमध्ये आता नुसते क्लास दिसायचे. त्यात तिला ओळखीचं कुणी नव्हतं. तिनं पिंग मात्र कधी बंद केला नाही. रविकांत सर ओझ्याबद्दल बोलले, तेव्हा म्हणाली, "सर्व्हर वाढवा. पिंग राहील."

फेब्रुवारीत पुतणीचा साखरपुडा होता, म्हणून ती चाकूरला निघाली. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. तिनं सुलतानबीला फोन लावला.

"चाची, मी तुमच्या गावात हाय. स्टँडवर. चाचा कसे हायत?"

"अगं बेटी, आम्ही तर परभणीला, लेकीकडं. दोन महिने झाले. आता इथंच राहायचं म्हणते ती." मागं लहान मूल काहीतरी बडबडत होतं. "चाचा बरे हायत. नातीसंगं बोलतात दिवसभर. तिला घाई नसते ना कशाची."

"चाचांना सांगा, राजकन्यानं विचारलं म्हणून."

"कोन? आवाज कटून ऱ्हायला..."

"विष्णुपुरीची, चाची. कॉलवाली."

"हाव, हाव! सांगते की. खुश राहा बेटी." आणि फोन बंद झाला.

गाडी सुटली. चाकूरला ती साडेबाराला उतरली. घरी पाहुण्यांची गडबड असणार, स्टँडवर कुणी न्यायला आलेलं नव्हतं. रस्ता पाठच होता. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालायला लागली.